झोक्यांजवळची हिरवळ

भिवंडीच्या एसटी स्टँडवर वडप्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या विद्युल्लताबाईंच्या कानावर मागच्या बाकावरच्या मायलेकींचं बोलणं पडत होतं.

“आई, बागेतली हिरवळ काढा, असं मीच सुचवणार आहे. उन्हाळा दरवर्षी वाढतोय, पाणी पुरत नाही. पालिकेनं इंटर्नशिपला मला त्यासाठीच तर घेतलंय.”

“काढ की. झोक्यांजवळचा तुकडा तेवढा ठेव.”

“तोच का?”

“शुक्रवारी कापडाचे लूम बंद असायचे. तुझे बाबा तिथं शेंगा घेऊन बसायचे.”

“आणि तू?”

“मी शेंगा खायला जायचे.”

“आई!”

“हसतेस काय? माणूस गेला, लूम भंगारात गेले. तेवढीच जागा हाय उरलेली.”

“तिथं दुपारी बसून तर बघ, चटके बसतात. मी तिथं कडुनिंब लावायला सांगतेय. सावली असली तरच कुणीतरी बसेल ना?”

वडप्याची गाडी लागली. विद्युल्लताबाई उठल्या नाहीत.

“संघरत्ना...”

“काय गं?”

“निंबाखाली बाकडं ठेवायला सांग. पण दोघांपुरतंच. हिरवळीवर तुझी आत्या येऊन मधेच बसायची.”