मिस्त्र्यांच्या दशम्या

मोडली म्हणू नका! मोडली कावून म्हणता? आमच्या मोटारीला कुणी मोडली म्हणलं की माझं डोस्कं फिरतं बघा. अवो, हैद्राबादच्या नवाबाच्या दारची मोटार ती! पितळंचे दिवे, चामड्याच्या गाद्या, अन् भोंगा असा की वाजला की शेजारच्या गावची म्हस दूध चोरायची... ती काय अशी मोडतीय व्हय? जरा वय झालंय, बास. माझं न्हाई झालं? तुमचं न्हाई झालं? मंग! मोटारीला काय बी झालं नव्हतं, तुमाला सांगतो, मिस्त्री मिळंना!

आता तुमी म्हणाल, देशमुख, मोटारीवाचून येवढं काय अडलं? छकडा हाय, गावात बैल हायेत, जुपायचं आन निघायचं. तिथंच तर घोडं पेंड खातंय ना! आमची मंडळी लगीन होऊन या घरात आली, पहिल्या पंचमीला मायराला, परळीला निघाली छकड्यात, आन घाट उतरूस्तर ओकून ओकून तिचे असे हाल झाले की परत आली ती निव्वळ चिपाड! आमचे वडील, आप्पा. मिशा अशा, आवाज असा, तालुकदारापुढं बी कधी मान खाली घातली न्हाई, पर सुनंचं उतरल्यालं तोंड बघून त्या दिवशी ताटावरून उठले. सकाळी म्हणले, 'हैद्राबादला जाऊन येतो.' आमाला वाटलं कोर्टाचं काम आसंल. आले ते मोटार घिऊनच! पडदे बी शिवून आणले मखमलीचे, सून गोषातली म्हणून. मोटार पारापुढं हुबी केली, सारं गाव गोळा, गुलाल काय, वाजंत्री काय, आन आप्पा मोटारीच्या पायरीवर चढून गरजले, 'आजपून या घरची लेकसून मायराला जाईल ती मोटारीत बसून जाईल! छकड्यात पाय ठिवायचा न्हाई! ह्यो माझा शब्द हाय!'

झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय जातंय?

मंग आप्पा गेले. देवमाणूस. मोटार ठिवून गेले, शब्द ठिवून गेले, तेवढा येक मिस्त्री ठिवायचा राहिला! आन आप्पा गेल्यापून मोटारीला खोकला लागला. हँडल मारलं की खॉक, खॉक, धुराचा लोट, आन गप. मी म्हणलं दुःख झालं आसंल बिचारीला, हुईल बरी. ती कशाची बरी होतीय! आन त्यातच परळीहून माणूस सांगावा घिऊन आला. आमच्या सासूबाईंचा, आमी मामी म्हणतो त्यान्ला. सांगावा काय? 'माझ्या लेकीला, सुंदरला म्हणावं, माझे डोळे विझत चाललेत. अंधूक दिसतंय तवर येकडाव तोंड दाखवून जा.'

आता सांगा मला! सांगावा ऐकला तशी मंडळी नुसती चुलीम्होरं बसून राहिली, भाकर करपली तरी ध्यान न्हाई. मी म्हणलं, 'कुणाचे तरी बैल मागून आणतो, छकडा जुपतो. आप्पा काय वरून बघाया येत्यात व्हय?' तर खाली मान घालून म्हणली, 'आवं, त्यान्नी माझ्यापायी मोटार आणली. बाप लेकीसाठी करत न्हाई येवढं केलं. त्यान्च्या माघारी त्यान्चा शब्द मीच मोडू?' आन खरं सांगतो, मला बी मोडवत नव्हता. बापाचा शब्द हो. बाप गेल्यावर लई जड होतो. म्हणलं, ठीक हाय. मोटारीला काय बी झालेलं न्हाई, मिस्त्री आणतो!

पयला आणला बद्रीनाथ. बीडात घड्याळं दुरुस्त करायचा. आला, चश्मा लावला, म्हणला, 'देशमुख, घड्याळात बी चाकं, मोटारीत बी चाकं, फिकीर नक्को!' मला पटलं! पटलं म्हणजे काय, गरजवंताला सारंच पटतंय. त्यानं आमच्या जाजमावर मोटारीचं सारं पोट काढून मांडलं, असं वाटावं जत्रंत दुकान थाटलंय, आन दुसऱ्या दिवशी सांजच्याला म्हणला, 'झालं!' झालं म्हणल्याबरोबर मंडळी उठली. दुधात पीठ मळलं, दशम्या केल्या, शेंगाची चटणी, गुळाचा खडा, सारं फडक्यात बांधलं, शालू नेसली, नथ घातली, आन मोटारीत पडद्याआड जाऊन बसली. मी हँडल मारलं. खॉक बी न्हाई! आदी निदान खोकत तरी होती! बघतो तर जाजमावर पसाभर लोखंड शिल्लक. म्हणलं, 'बद्रीनाथ, ह्ये काय उरलं?' तर म्हणतो कसा, 'ते जास्तीचं दिल्यालं असतंय देशमुख, विलायतवाले दिलदार असत्यात!'

मंडळी खाली उतरली. मला वाटलं आता रडती. तर म्हणली, 'माणूस राबलाय, उपाशी कसं लावून द्यायचं?' आन आईकडं न्यायच्या दशम्या त्याला वाढल्या. बसला की खायाला! आन वर, 'चटणी आजून हाय का?'

दुसरा आणला नगरहून, इंग्रजी मुलखातनं. धर्मराज नाव. नाव बघा! टोपी तिरकी, बोलणं तिरकं, आमच्या मोगलाईतला माणूस म्हणजे त्याला अडाणी वाटायचा. मोटारीभवती येक चक्कर मारली, च्च च्च च्च केलं, म्हणला, 'ह्ये आमच्या नगरात आसतं तर येका दुपारचं काम.' मी म्हणलं, बाबा, हितं दोन दुपारा घे, पर कर. त्यानं केलं. केलं म्हणजे उजवीकडचा पितळी दिवा काढला, आतला येक डबा काढला, 'दुकानात तपासून आणतो' म्हणला. तवर मंडळीच्या दशम्या तयार, शालू नेसून आत बसल्याली! म्हणलं, आवो, आजून न्हाई झालं. उतरली. 'त्यान्ला बी वाटंला लागतील की,' म्हणली, आन तेच फडकं त्याच्या हातात दिलं. दिवा गेला, डबा गेला, दशम्या गेल्या, फडकं बी गेलं! मोटार येका डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिली. पर मोटारीला काय बी झालं नव्हतं हं, तुमाला सांगतो, मिस्त्री मिळंना!

आन गाव काय गप बसतंय? आमच्या शेजारी बंकट. बैलाचं लई याड. रोज त्याची जोडी पाण्याला न्यायची आन आमच्या दारात थांबून इचारायचं, 'अर्जुनराव, मोटारीला पेंड टाकली का आज?' माझी बैलजोडी पावसाळ्यात इकल्याली, मोटार चालू होती तवा, रुबाबात!

तिसरा उत्तरेश्वर. कापसाच्या जिनिंगच्या विंजनावर, इंजिनावर होता. म्हशीयेवढा माणूस, आन हत्यार म्हणजे घण! मी म्हणलं, 'अरे, मोटार हाय, खडी फोडायची न्हाई.' म्हणला, 'देशमुख, विंजन ही जातच तशी, मार खाल्ल्याबिगर ऐकत न्हाई.' आन हाणला की! मी डोळे झाकले. आन खरं सांगतो, देवाशप्पत सांगतो... सुरू झाली! धाड धाड धाड! मंडळीच्या दशम्या तयार होत्याच, ती आत बसली, मी चाक धरलं, उत्तरेश्वर मागं लोंबकळतोय, गावकूस ओलांडलं, पोरं पळत्यात, भोंगा वाजवला, म्हसी उधळल्या, मला वाटलं आप्पा शेजारी बसलेत! आन वढ्यात गेलो. बरोबर मधोमध. खॉक. गप.

पाणी पायरीला. बघायला सारं गाव. मंडळीला उतरवणार कसं, गोषा हाय, शालू हाय! मला तोंड कुठं लपवावं कळंना. आन आतून, पडद्याआडून हळूच आवाज आला. 'आवं, येवढं तरी आलो. पयल्यापेक्षा लांब आलो की.' अशी बाई हाय बघा ती! मला त्या वढ्यात हुबं राहून रडू आलं, म्हणलं बरं झालं, पाण्यात कुणाला दिसायचं न्हाई. शेवटी बंकटनं बैल आणले, दावी बांधली, आन मंडळी आत बसल्याली तशीच मोटार वढत घरला आणली. बंकट येक शब्द बोलला न्हाई त्या दिवशी. त्याचं गप बसणं तर मला लईच लागलं.

उत्तरेश्वर दशम्या खाऊन गेला. किती, ते इचारू नका.

मंग कुणीतरी सांगितलं, मोमिनाबादला महेबूबचाचा हायेत, त्यान्ना आणा. म्हातारा माणूस. नवाबाकडं असताना हीच मोटार त्यान्नी चालवल्याली! आले. मोटार बघितली, जवळ गेले, झाकणावर हात ठिवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठिवतात ना, तसा. झाकण उघडलं. लई येळ आत बघितलं. बंद केलं. मंडळी तिकडं शालू नेसून, दशम्या घिऊन आत बसल्याली, पडदा वढून. चाचा म्हणले, 'अर्जुनराव साब, झूट बोलूं तो चार दिन इधर बैठ के रोटी खाऊं. सच बोलूं तो इसका दम पूरा हो गया. अब मिस्त्री नक्को ढूंढो.'

मी भडकलो! म्हणलं, 'मोटारीला काय बी झालेलं न्हाई! तुमी मिस्त्री न्हाई!' चाचा नुसते माझ्याकडं बघत राहिले, आन त्यान्चे डोळे भरल्याले. तवा मला कळलं हो. इतक्या दिवसांत खरं बोलणारा ह्यो पयला माणूस, आन मी त्याच्यावरच वरडतोय. मी मोटारीच्या पायरीवर बसलो. त्याच पायरीवर, जिथून आप्पांनी शब्द दिल्ता.

मंडळीनं पडद्यातून फडकं पुढं केलं. 'चाचान्ला दशमी द्या.' चाचांनी कानाला हात लावले. 'काम हुआ नहीं, रोटी कैसे खाऊं बेटी?' मंग आतून, 'आवं, चाचान्ला इचारा, चाक वळतंय का? बिरेक लागतोय का?' मी इचारलं. चाचा म्हणले, 'वो तो मैं करके देतूं, उसमें क्या है.' 'मंग करून घ्या. आन बंकटला बैल घिऊन बोलवा.'

मी ताडकन उठलो. म्हणलं, 'बैल? आन आप्पांचा शब्द?' तर काय म्हणली म्हायती हाय? 'आप्पा म्हणले, मोटारीत बसून जायचं. मी मोटारीतच बसल्ये न्हवं? म्होरं काय जुपायचं, ते आप्पा कुठं बोलल्ते?'

अवो, मी तालुकदाराच्या कचेरीत वकील बघितलेत, पर असा वकील न्हाई बघितला! चाचा तर पोट धरून हसाया लागले, डोळ्यातलं पाणी तसंच, आन दाढी हलतीय!

निघालो. तुमी हसताय, सारा रस्ता हसला, तुमचं काय घिऊन बसलाय? नवाबाची मोटार, म्होरं बंकट आन त्याची जोडी, चाक धरून चाचा, आन मी, मोटारीचा मालक, कासरा धरून बैलांच्या बरोबरीनं पायी! येकानं इचारलं, 'देशमुख, चाबकाला तेल कुठलं घालता?' मी म्हणलं, चल बे! पर तुमाला सांगतो, गाद्या तशाच मऊ, आन बैलांची चाल, धक्का न्हाई, हिसका न्हाई. मंडळीला येक उलटी न्हाई! घाटात चाचांनी असा बिरेक धरला की बैलांच्या पायाला मोटार शिवली न्हाई. आन घाटात परकं कुणी नव्हतं, तवा मंडळीनं पडदा सारला. इतक्या वर्सांत पयल्यांदा! 'आवं, ह्यो पळस कवापून हाय हितं? पडद्याच्या फटीतनं कधी दिसलाच न्हाई, लई पळायची ती.' मी मागं वळून बघितलं. नथ चमकत होती, तोंड हसत होतं. मला लई बरं वाटलं. खोटं कावून बोलू? मोटार घेतल्यापून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

परळीत दारात मामी हुब्या. मंडळी उतरली तशी त्यान्नी तिचं तोंड दोन्ही हातात धरलं, तिला उन्हाकडं वळवलं, लई येळ बघितलं. म्हणल्या, 'दिसली गं! नथ दिसली. नाक बी दिसलं, माझंच हाय!' दोघी रडल्या, मी तिकडं बघितलंच न्हाई, मी बैलाकडं बघत होतो. मंग मामी चाचपत म्होरं आल्या, हात बैलाच्या पाठीवर पडला. 'आगं बया! जावईबापू, मोटार लई तापली की वो! घाम फुटलाय तिला!'

म्हणलं, 'घाट चढून उतरली ना मामी.'

'पर आवाज न्हाई ह्या खेपंला. आदी गावभर खडखड करत यायची, आता कशी गपगार आली! मिस्त्री चांगला मिळाला वाटतं?'

मी बंकटकडं बघितलं, चाचांकडं बघितलं, बैलांकडं बघितलं. म्हणलं, 'व्हय मामी. लई इमानी मिळाला.'

'मंग त्याला दशमी दिली का न्हाई?'

दिली की! गेलो, फडकं सोडलं, चाचांना दिली, बंकटला दिली, आन उरल्याल्या दोन दोघांच्या तोंडाम्होरं धरल्या. काय सांगू तुमाला... इतके मिस्त्री झाले, इतक्या दशम्या गेल्या, पर काम करून दशमी खाणारे मिस्त्री मला त्या दिवशी मिळाले. आता त्यात निम्म्यान्ला शिंगं निघाली, त्याला मी काय करू?