तिथल्या माणसांबद्दल अण्णांचं ठाम मत

...बरं, जो माणूस इतकी वर्षं तिथं परदेशात राहतोय, तिथल्या बिल्डिंगांच्या लिफ्ट दुरुस्त करतोय, ज्याची पोरं तिथल्या शाळेत जातायत, त्यालाच हे इथले लोक समजावणार की तिथं कसं असतं! आमच्या दाजींबद्दल बोलतोय मी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सुट्टीला घरी आले की, तुम्हाला सांगतो, बॅग खाली टेकायच्या आत सुरू. इस्त्रीवाला म्हणणार, "तिथं काय साहेब, बटण दाबलं की कपडे आपोआप." दाजी म्हणणार, "नाही हो, मीच करतो इस्त्री, आणि कॉलर मला अजून जमत नाही." तो हसणार. म्हणजे कसं, मोठी माणसं लपवतात तसं तुम्ही लपवताय, आलं लक्षात. ताईचे मामेसासरे सांगणार, तिथं म्हणे पोरगं जरा मोठं झालं की आईबाप घराबाहेर काढतात. आता दाजींच्या शेजारच्या घरात एक टक्कल पडलेला बाप्या राहतो, त्याची आई अजून त्याचे मोजे शोधून देते, हे दाजी जीव तोडून सांगतात. मामेसासरे सुपारी कातरत म्हणणार, "असेल एखादा." आता यावर माणूस काय बोलणार, सांगा.

पण ते सगळे एक वेळ परवडले. खरा प्रश्न अण्णांचा. अण्णा म्हणजे दाजींचे वडील. दाजींची आई गेल्यापासून इथं एकटेच राहतात, आणि दाजींचा जीव तिकडे टांगणीला. अण्णांनी फोन उचलला नाही की तिकडून मला फोन, "जरा बघून ये रे." मी हातातलं काम टाकून धावत जाणार, तर अण्णा मजेत टीव्हीसमोर, फोन उशीखाली! शेवटी ताईनं आणि दाजींनी ठरवलं, अण्णांना तिकडंच न्यायचं. कायमचं. अण्णा म्हणाले, "आधी बघायला येतो. तसं मला माहीत आहे तिथं कसं असतं. तिथं माणूस रस्त्यात पडला तरी कोणी उचलत नाही."

गेले. मत सोबत घेऊनच गेले, आणि तेवढी एक वस्तू प्रवासात कुठं हरवली नाही.

पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये शिरले, वरच्या मजल्यावरचे दोघं आधीच आत. दार मिटलं, सगळे गप्प, बाहेर आले. अण्णा म्हणाले, "बघितलंस? तोंडातून शब्द नाही. इथं असंच असतं." दाजी म्हणाले, "अण्णा, लिफ्टमध्ये आपल्याकडं तरी कोण बोलतं?" अहो, लिफ्ट म्हणजे दाजींचा धंदा, लिफ्टमधला माणूस त्यांच्याइतका कोणी बघितलाय? तर अण्णा म्हणतात कसे, "आपलं वेगळं. आपण विचारात असतो."

मग दाजींनी जिद्दच धरली. तळमजल्यावरच्या बाई दिसल्या की थांबायचं, अण्णांची ओळख करून द्यायची. बाई हसल्या. अण्णांचं मत, "कामापुरतं हसतात." दुसऱ्या दिवशी बाईंना घाई होती, हसल्या नाहीत. "बघ." म्हणजे हसल्या तरी खोट्या आणि नाही हसल्या तर खऱ्या... आता यावर माणूस काय बोलणार, सांगा. दाजी रोज कामावरून आले की ताईला विचारायचे, "आज काय म्हणाले?" परीक्षेचा निकाल विचारावा तसं. आणि ताई नुसती कपाळाला हात लावायची.

आणि मग अण्णा पडले.

बागेतून परत येताना ओल्या फरशीवरून पाय सरकला, आणि भर रस्त्यात, बसथांब्याच्या अलीकडं, हे आडवे. तुम्हाला सांगतो, भरलेली बस ड्रायव्हरनं जागच्या जागी थांबवली आणि खाली उतरला. बसमधल्या एका बाईनं आपला कोट काढून अण्णांच्या डोक्याखाली दिला. समोरचा सलूनवाला एका गिऱ्हाइकाला अर्धी दाढी ठेवून पळत आला, आणि तो अर्ध्या दाढीचाही त्याच्या मागोमाग, गळ्याला टॉवेल तसाच! सगळ्यांनी मिळून अण्णांना उचललं, सलूनच्या खुर्चीत आडवं केलं, पाय शेजारच्या खुर्चीवर, पायाला बर्फ. खिशात ताईनं घालून दिलेला दाजींचा नंबर होता, त्यावर फोन केला. दाजी तेव्हा कुठल्या तरी इमारतीत लिफ्टच्या टपावर, हात ग्रीसमध्ये. तसेच निघाले. रस्ताभर नको नको ते मनात... आणि सलूनचं दार ढकलून आत बघतात तर काय, अण्णा आडवे पहुडलेत आणि सलूनवाला त्यांच्या मिशा कातरतोय! वेळ जात नव्हता ना दोघांचा. याला त्याची भाषा येत नाही, त्याला याची येत नाही, पण मिशीचं टोक किती ठेवायचं यावर दोघांचा वाद चाललेला.

दाजी मला फोनवर म्हणाले, "बाप पडला आणि मला आनंद झाला रे. असं कुणाला सांगणार? पण झाला. म्हटलं, चला, आता तरी पटेल."

पायाच्या हाडाला चीर निघाली, प्लास्टर घातलं. घरी आणल्यावर दाजींनी धीर धरला, पाणी दिलं, उशी दिली, मग हळूच विचारलं, "अण्णा, उचललं की नाही?"

अण्णा आरशात मिशा बघत म्हणाले, "परका दिसलो म्हणून उचललं. त्यांच्यातला कोणी पडू दे, ढुंकून बघणार नाहीत."

"आणि बस थांबवली ती?"

"ड्रायव्हरला थांबायला निमित्तच हवं असतं."

"सलूनवाला?"

"दाढी करणारे सगळ्या जगात सारखेच. त्यांना बोलायला माणूस लागतो."

आता यावर... जाऊ दे.

दाजींचा बांधच फुटला. म्हणाले, "अण्णा, तुम्हाला इथं राहायचं नाही, एवढंच म्हणा ना सरळ. माझं चुकत असेल तर मला बोला. त्या बिचाऱ्यांना कशाला नावं ठेवता?"

अण्णांनी हातातला आरसा खाली ठेवला. मग म्हणाले, "उचलणारे आहेत रे इथं. ओळखणारं कोण आहे? तिकडं माझ्या नुसत्या खोकल्यावरून भाजीवाली पिशवी भरायला घेते."

दाजींनी परतीची तिकिटं काढली. प्लास्टर असतानाच अण्णांना परत आणून सोडलं. विमानतळावर मीच गेलो होतो. दाजी चार दिवसांत माघारी फिरले, आणि जाताना माझा हात हातात धरून उगीचच इकडचं तिकडचं बोलत बसले.

इकडं प्लास्टर बघायला ही गर्दी. इस्त्रीवाला, मामेसासरे, भाजीवाली, सगळे. कोणीतरी विचारलं, "काय हो अण्णा, तिथं माणूस पडला तर उचलत नाहीत म्हणे?"

"नाही उचलत," अण्णा म्हणाले.

मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो अण्णा, तुम्हाला बस थांबवून उचललं की!"

"मला उचललं," अण्णा म्हणाले. "मी तिथल्या माणसांबद्दल बोलतोय."

गर्दी काय, पहिला आठवडा. मग ज्याचं त्याला काम. अण्णांच्या समोरच्या फ्लॅटचं दार तर मी कधी उघडं बघितलेलं नाही. अण्णा एका पायावर उभं राहून कालची आमटी गरम करतात, मी जमेल तसा जातो, आणि सगळं ठीक आहे म्हणून दाजींना कळवतो.

परवा दाजी दाढी करायला त्याच सलूनमध्ये गेले. सलूनवाल्यानं पहिलं काय विचारलं असेल? "वडील कसे आहेत?" दाजी म्हणाले, परत गेले. त्याला इतकं बरं वाटलं! दाजींच्या गालाला साबण फासत म्हणतो, "छान झालं. तुमच्या देशाचं मला माहीत आहे. तुमच्याकडं म्हातारं माणूस कधी एकटं नसतं. दारं सताड उघडी, घरात सतरा माणसं, एक पाय दाबतोय, एक भरवतोय. आमच्यासारखं नाही."

मी सगळं ठीक म्हणून कितीही कळवलं तरी दाजींच्या डोळ्यांपुढं समोरच्या फ्लॅटचं ते बंद दार आलं, गॅसपाशी एका पायावर उभे असलेले अण्णा आले. मान वळवून म्हणायला गेले, "नाही हो, तसं काही..."

"हलू नका," सलूनवाला म्हणाला.

आता नरड्यावर वस्तरा टेकलेला. दाजी म्हणाले, "हं."