गुरुवारी चौदा पूर्ण

ग्रेब्नर : ...म्हणजे कान टोचायचे तर माझी सही. सहलीला तलावात उतरायचं तर माझी सही. आणि देवाकडे कायमचं नाव घालायचं, तर बापाला कुणी विचारायचंसुद्धा नाही? हा कुठला कायदा, पास्टरबाई?

पास्टरबाई : आपल्याच जर्मनीचा. शंभर वर्षं होऊन गेली त्याला. आधी बसा तरी, मास्तर. चहा घेणार?

ग्रेब्नर : कॉफी नाही?

पास्टरबाई : मी समुद्रकाठची. आमच्याकडे पाहुण्याला चहाच. आधी खडीसाखर, मग चहा, मग वरून साय. आणि ढवळायचं नाही.

ग्रेब्नर : चहाला एवढे नियम, आणि पोरं मात्र मोकाट.

फेन्या : बाबा, मोकाट नाही. चौदा वर्षं पूर्ण झाली की आपला धर्म आपण ठरवायचा. शाळेत सरांनी मला कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं.

ग्रेब्नर : तू तेरा वर्षांची आहेस.

फेन्या : गुरुवारपर्यंत.

ग्रेब्नर : मग गुरुवारपर्यंत माझं चालणार!

पास्टरबाई : चालणार की. तुमचं आणि तिच्या आईचं, दोघांचं मिळून.

ग्रेब्नर : काट्रिनला केला मी फोन रोस्टॉकला. म्हणाली, "छानच झालं, हल्ली मलाही वाटतं वर काहीतरी आहे." काहीतरी! इतकी वर्षं माझ्याबरोबर संसार केला, तेव्हा वर फक्त गळकं छप्पर होतं.

फेन्या : ते तू अजून दुरुस्त केलं नाहीस.

ग्रेब्नर : विषय बदलू नकोस. पास्टरबाई, एक विचारतो. गुरुवारच्या आत मी हिला दुसऱ्याच कुठल्या धर्मात घातलं तर? बौद्ध, समजा. त्यांच्यात शांत बसायला शिकवतात म्हणे.

पास्टरबाई : नाही जमणार. बारा वर्षं झाली की मुलाच्या मनाविरुद्ध त्याला दुसऱ्या धर्मात वाढवता येत नाही.

ग्रेब्नर : पण हिला पहिलाच नाही! दुसरा कुठून येणार?

पास्टरबाई : हं. हा प्रश्न चांगला आहे. वकिलालाच विचारायला हवा.

फेन्या : मी विचारला. माझ्या वर्गातल्या आन्टियेचे बाबा वकील आहेत. ते म्हणाले, काहीच न मानता वाढवलं असेल तर तेही वाढवणंच. ते मोडायचं तरी मला विचारावं लागेल.

ग्रेब्नर : बघा! हिला देव नको आहे, हिला वकिली हवी आहे.

पास्टरबाई : दोन्ही करणारे लोक आहेत आमच्याकडे. फार जड जातात.

ग्रेब्नर : हे बघा बाई, मी गाडी चालवायला शिकवतो. तुम्हालाही मीच शिकवलं.

पास्टरबाई : तिसऱ्या खेपेला पास झाले. गावात अजून तो विषय काढतात.

ग्रेब्नर : तर मला माहीत आहे, माणसाला गोष्टी कशा द्यायच्या असतात. पंधराव्या वर्षी मोपेड. सतराव्या वर्षी गाडी, पण शेजारी मोठं माणूस बसवून. अठराव्या वर्षी एकटं. टप्प्याटप्प्यानं. आणि देव? चौदाव्या वर्षी, एकदम, शेजारी कुणी नाही, ब्रेकसुद्धा नाही!

पास्टरबाई : शिकाऊ परवाना आहे ना. कन्फर्मेशनचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, वर्ग असतो मंगळवारी.

ग्रेब्नर : मंगळवारी हिला हँडबॉल असतो.

फेन्या : बाई, खडीसाखर द्या ना जरा.

ग्रेब्नर : फेन्या?

फेन्या : हँडबॉल सप्टेंबरात सोडला मी.

ग्रेब्नर : मी दर मंगळवारी तुला मैदानापाशी सोडतो!

फेन्या : तिथून चर्च दोन मिनिटांवर आहे.

ग्रेब्नर : पास्टरबाई! तेरा वर्षांची पोर, बापाला न विचारता वर्गात घेतलीत? हे बसतं तुमच्या शंभर वर्षांच्या कायद्यात?

पास्टरबाई : वर्गात नाही घेतली. तुमची संमती आणल्याशिवाय घेणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. मग ती म्हणाली, "मी कपबश्या विसळू का?" कपबश्या विसळायला वयाची अट नाही.

ग्रेब्नर : कपबश्या!

पास्टरबाई : स्वयंपाकघर वर्गाला लागून आहे. दार बसत नाही नीट. हिवाळ्यात फुगतं.

ग्रेब्नर : घरी एक बशी उचलून ठेवत नाही ही!

फेन्या : घरी शेजारच्या खोलीत कुणी काही सांगत नसतं.

ग्रेब्नर : बरं. आता खरं बोल. कोण आहे तो?

फेन्या : कोण?

ग्रेब्नर : मुलगा. तेराव्या वर्षी कुणी उगीच देवाकडे जात नाही. मुलगा असणारच.

फेन्या : वर्गात दोन मुलगे आहेत. यानेक सगळा वेळ मासे कसे पकडायचे ते सांगतो. आणि लास्से उसनं पेन घेतो आणि चावून परत देतो.

पास्टरबाई : त्या दोघांसाठी कुणी धर्म बदलणार नाही, मास्तर. मी ओळखते त्यांना.

ग्रेब्नर : मग तुम्हीच भरवलं असणार डोक्यात. तुमच्याकडे माणसं उरली नाहीत, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे.

पास्टरबाई : खरं आहे. सात गावं माझ्याकडे, आणि गेल्या रविवारी इथे ऑर्गन वाजवणारा धरून पाच जण. हिनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी घाबरले आणि हिला परत पाठवलं. दोनदा पाठवलं. आपल्याला एखादी गोष्ट एवढी हवी असली की आपण खोटं बोलायला लागतो.

ग्रेब्नर : आणि तिसऱ्यांदा?

पास्टरबाई : तिसऱ्यांदा हिनं विचारलंच नाही. नुसता एप्रन बांधला.

ग्रेब्नर : आणि मेमधल्या युवादीक्षेचं काय? सांस्कृतिक भवन बोलून ठेवलंय मी. ड्रेसडेनहून हिची आत्या यायची आहे. रानडुकराचा बेत आहे. आमच्या पिढीत सगळ्यांची तीच झाली. एक भाषण, एक गुलाब, हातात हात, झालीस मोठी! देवाचं लफडं नाही.

फेन्या : मी तीही करणार आहे.

ग्रेब्नर : दोन्ही?

फेन्या : रानडुक्कर मला आवडतं.

ग्रेब्नर : असं दोन्ही चालतं, पास्टरबाई?

पास्टरबाई : माझ्या आधीच्या पास्टरांना झीट आली असती. त्यांच्या काळी, इथल्या कम्युनिस्ट राजवटीत, एकच निवडावं लागायचं. चर्चमध्ये दिसलं की पोराचं पुढचं शिक्षण बंद.

ग्रेब्नर : मला नका सांगू. माझी हानेलोरेमावशी. वर्गात पहिली यायची. डॉक्टर व्हायचं होतं तिला. जन्मभर शिवणकारखान्यात बाह्या जोडत बसली.

फेन्या : का?

ग्रेब्नर : का म्हणजे? तुझ्याएवढी होती. इथेच, याच चर्चमध्ये, कन्फर्मेशनला सगळ्यांसमोर उभी राहिली. शिक्षक घरी आले, मुख्याध्यापक आले, आजोबांनी हात जोडले तिच्यापुढे. नाही ऐकलं.

पास्टरबाई : हे मला माहीत नव्हतं.

ग्रेब्नर : तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही पश्चिमेकडच्या समुद्रकाठच्या. तिकडे कन्फर्मेशन झालं की पोरांना घड्याळ मिळायचं. इकडे बाह्या.

फेन्या : बाबा, आता कुणी काही बंद करत नाही.

ग्रेब्नर : आता नाही करत. उद्याचं कुणी सांगितलंय? तुझ्या नावापुढे काहीतरी लागणार, कुठेतरी नोंद होणार. माझ्या आईनं आम्हाला एकच शिकवलं. कशात नाव घालू नका. कुठेच नाव नसलं की कुणाला काही खोडता येत नाही.

पास्टरबाई : फेन्या, मला सांगितलंस ते बाबांना सांग.

फेन्या : नको. त्याला वाईट वाटेल.

ग्रेब्नर : मला काही वाईट वाटत नाही. मी रोज शिकाऊ लोकांच्या शेजारी बसतो.

फेन्या : आजीला पुरलं ना, त्या दिवसामुळे.

ग्रेब्नर : आजीचा इथे काय संबंध?

फेन्या : भाषणाला ठरवलेला तो माणूस तिला गेर्लिंडे म्हणाला. दोनदा.

ग्रेब्नर : गेर्हिल्ड! गेर्हिल्ड नाव होतं तिचं. मी नंतर झापला त्याला चांगला.

फेन्या : मग स्पीकरवर गाणं लावलं, ते मध्येच बंद पडलं. मग आपण सगळे खड्ड्याभोवती उभे राहिलो. सगळे नुसते बुटांकडे बघत होते. मला रडायचं होतं, पण कधी सुरू करायचं तेच कळेना. आणि मग तू म्हणालास, "चला, कॉफी निवेल."

ग्रेब्नर : कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं ना!

फेन्या : हो. तेच तर म्हणतेय मी.

पास्टरबाई : साय घाला थोडी, मास्तर.

ग्रेब्नर : माझी आई होती ती. मला काय सुचणार होतं त्या वेळी?

फेन्या : मी तुला दोष देत नाही, बाबा. कुणालाच सुचत नव्हतं. इथे काय आहे, शब्द आधीचेच आहेत. कुणीतरी खूप पूर्वी म्हणून ठेवलेले. आपल्याला नाही सुचले तरी चालतं.

ग्रेब्नर : आणि खरे आहेत का ते?

फेन्या : ते अजून मला नक्की माहीत नाही.

ग्रेब्नर : नक्की माहीत नाही, आणि बाप्तिस्मा घ्यायला निघालीस! पास्टरबाई, हिला नापास करा.

पास्टरबाई : मग आधी मला करावं लागेल. दर सोमवारी मलाही नक्की माहीत नसतं.

ग्रेब्नर : आज सोमवारच आहे.

पास्टरबाई : म्हणूनच सांगितलं.

ग्रेब्नर : ठीक आहे. मग ऐका. आज, उद्या आणि परवा मी नाही म्हणतोय. कायद्यानं. बाप म्हणून.

पास्टरबाई : मान्य. तोवर ती फक्त कपबश्या विसळेल.

ग्रेब्नर : आणि गुरुवारपासून? बापाकडे उरतं काय?

पास्टरबाई : पुष्कळ. कुठे राहायचं, काय खायचं, शाळा, दवाखाना, रात्री किती वाजता घरी यायचं. अठरापर्यंत सगळं तुमचं आणि काट्रिनचं.

ग्रेब्नर : फक्त देव गेला.

पास्टरबाई : फक्त देव.

फेन्या : आणि रविवारी बस नसते.

ग्रेब्नर : म्हणजे?

फेन्या : बाईंची प्रार्थना दर रविवारी वेगळ्या गावात असते. बस नसते.

ग्रेब्नर : म्हणजे ठरवायचं हिनं आणि गाडी काढायची मी? यावर काय म्हणतो तुमचा कायदा?

पास्टरबाई : गाडीबद्दल काही म्हणत नाही.

फेन्या : मी सायकलनं जाईन.

ग्रेब्नर : हायवेवरून? साखर कारखान्याचे ट्रक जातात तिथून! गप्प बस. सोडीन मी. पण आत येणार नाही. गाडीत बसेन. हे आत्ताच सांगून ठेवतो, नंतर कुणी बोलवायला यायचं नाही.

पास्टरबाई : कुणी नाही येणार.

ग्रेब्नर : आणि आजच्या दिवसापुरती घरी चल. अजून तेरा वर्षांची आहेस.

(ईस्टरनंतरचा एक रविवार. चर्चच्या आवाराबाहेर, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीपाशी.)

फेन्या : तू आत आला होतास.

ग्रेब्नर : गाडीत बसलं की काचा धुरकटतात.

फेन्या : मागे उभा होतास, खांबाआड.

ग्रेब्नर : बसायला जागा नव्हती.

फेन्या : बाबा, नऊ माणसं होती.

ग्रेब्नर : मग नऊ पुरेत की. तो ऑर्गनवाला किती संथ वाजवतो! मागून कुणी हॉर्न दिला असता त्याला.

फेन्या : तू गुणगुणत होतास.

ग्रेब्नर : मी घसा खाकरत होतो. बाई बऱ्या बोलल्या. थोडक्यात आटपलं. तुझं नाव बरोबर घेतलं.

फेन्या : दोन्ही नावं. फेन्या गेर्हिल्ड.

ग्रेब्नर : हो. ऐकलं मी.

फेन्या : तुला राग आलाय का अजून?

ग्रेब्नर : थोडा आहे. जाईल. पाणी गार होतं का गं?

फेन्या : नाही. बाईंनी किटलीतलं गरम घातलं होतं त्यात. पण बरंच ओतलं, मानेवरून पार आत गेलं.

ग्रेब्नर : मागच्या सीटवर टॉवेल ठेवलाय. आधी केस पूस.