दाक्वाज आणि आबा

घरी केक का करत नाही विचारता? एकदा केला होता, धुळ्यात. केक-बेकरी शिकायला इंजिनिअरिंग सोडल्यापासून आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याशी बोलत नव्हते. म्हटलं, पोराला काहीतरी येतं एवढं तरी त्यांना दिसू दे.

दाक्वाज नावाचा फ्रेंच केक. अंड्यातलं पांढरं फेसायचं, साखर आणि बदामाचं कूट घालून पातळ चकत्या भाजायच्या, थरांमध्ये क्रीम भरायचं. आबांना घरात अंडं चालत नाही. तरुणपणी ढाब्यावर काय खाल्लं, ते मात्र गावाला विचारा. म्हणून चकत्या मित्राच्या ओव्हनमध्ये भाजल्या, घरी ओट्यावर ठेवल्या आणि क्रीम आणायला गेलो. परत येतो तर आबा शेवटची चकती कुडूमकुडूम खाताहेत, ज्वारीचा बिबडा, आमचा खानदेशी पापड, खावा तशी.

"गोड बिबडा! भारी शे. कोनी कया?"

मीच केला म्हणून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात अंड्याचं बाहेर पडेल म्हणून आई घाबरून म्हणाली, "शेजारनी अक्कानी धाडा."

वर्षभरानंतर आबा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले, "दख, याले म्हंतस हातनी चव."

ते वाक्य माझं होतं यार. अजून अक्कांच्या घरी पडलंय.