जादूगाराची झोप

मिल्वॉकीच्या खेळमेळाव्यात, तळलेल्या चीजच्या रांगेत ड्वेन आणि मार्नी ही दोघं माझ्यापुढे उभी होती. फासे टाकून गोष्ट रचायच्या खेळात ड्वेन जादूगार होता. खेळ चालवत होती मार्नी.

“मार्नी, माझ्या जादूगाराला झोपू दे. त्याचे मंत्र संपलेत.”

“सकाळपासून तिसऱ्यांदा?”

“आठ तास झोपला की सगळे मंत्र परत. नियमच आहे.”

“तो मी काल बदलला. आता सात दिवस विश्रांती, मग मंत्र.”

“सात दिवस? दाराबाहेर ड्रॅगन आहे! मरेल बिचारा. चार वर्षं सांभाळलाय मी त्याला.”

“दोन उंदीर मारले की अंथरूण पसरतो तुझा बिचारा.”

“दमतो गं माणूस! विश्रांतीशिवाय लढणार कसा?”

“हे तू बोलतोयस? गोदामात आमची जेवणाची सुट्टी वीस मिनिटांवर कुणी आणली?”

“तिथं मी सुपरवायझर आहे. माल वेळेवर निघायला हवा.”

“इथं मी आहे. गोष्ट वेळेवर निघायला हवी.”

“बरं, एक रात्र तरी दे. खाऊन परत बसलो की ड्रॅगन आत येणार.”

“देते की. लेखी अर्ज कर. दोन आठवडे आधी.”