कोळदऱ्याच्या घाटातली रिकामी सीट

विषय : कोळदऱ्याच्या जुन्या घाटातून जाणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हरशेजारी जिवंत माणूस मिळणेबाबत.
अर्जदार : बजाबा खताळ, ड्रायव्हर, राहणार आपलंच गाव.

हसू नका मंडळी, ऐका. अर्ज मीच लिहून दिलाय. नोकरीत अर्ज ढिगानं पाहिले, पण विषयात ‘जिवंत’ हा शब्द घालायची वेळ पहिल्यांदाच आली.

बजाबाला कंपनीनं नवा ट्रक दिला. ट्रक कसला, हेडमास्तर! पुढं माणूस दिसला की आपणच ब्रेक मारणार. डोळा लागला की कोकलणार. पट्टा नाही लावला की कोकलणार. चालायला लागला की दारं आपणच बंद करणार.

“मग अण्णा, ड्रायव्हर कशाला लागतो?” शेवंताबाई, बरोबर विचारलंत. अपघात झाला तर कागदावर कुणाचं तरी नाव लागतं!

एवढं सगळं आल्यावर कंपनीनं क्लीनर बंद केले. म्हणाले, यंत्राला डोळे आहेत, क्लीनर काय करायचा? बजाबाच्या शेजारची सीट रिकामी झाली.

तर ऐका. बजाबा साखरेची पोती भरून दिवेलागणीनंतर निघाला. नव्या रस्त्यावर टँकर उलटलेला. म्हणून गडी वळला जुन्या घाटाला. काळोख असा की दिव्यांच्या पुढं जग संपलेलं.

निम्मा चढ चढला आणि गाडीनं खाडकन ब्रेक मारला! पडद्यावर लाल अक्षरं : पुढे माणूस. बजाबानं पाहिलं. रस्ता मोकळा! पुढं काढली, परत ब्रेक. परत काढली, परत ब्रेक! माणूस नाहीच, आणि गाडी म्हणते आहेच. आता यंत्राशी हुज्जत कोण घालणार? मी साहेबांशी घालून पाहिली आहे. सारखाच अनुभव.

मग लाल अक्षरं गेली. बजाबानं श्वास सोडला, आणि शेजारून आवाज सुरू झाला. टिंग, टिंग, टिंग. शेजारच्यानं पट्टा लावावा!

शेजारी कोण? कुणी नाही. पण सीटवर वजन पडल्याशिवाय ते वाजत नाही, मंडळी. आणि सीट दबलेली. मधोमध, माणसाच्या बेतानं.

बजाबानं काय करावं? आवाज बंद व्हावा म्हणून हात लांब करून रिकाम्या सीटचा पट्टा अडकवला! सगळे ड्रायव्हर करतात तसं. आवाज थांबला. गाडी लोण्यासारखी चालायला लागली. अहो, चालणारच! ज्याला बसायचं होतं, त्याला यानं रीतसर बसवून घेतला होता.

पुढं ते उलटं वळण. लांब गाडी तिथं एका दमात वळतच नाही. थोडी मागं घ्यावी लागते. बजाबानं मागचा गिअर टाकला, आणि पाठीमागून हाक आली,

“येऊ द्या... येऊ द्या उस्ताद... येऊ द्या...”

गाडीच्या अंगावर दोनदा थाप. धप, धप. म्हणजे बिनघोर या. सगळा जन्म त्या थापेवर गाडी मागं घेतलेला माणूस! ब्रेकवरचा पाय आपोआप सुटला. “येऊ द्या... अजून येऊ द्या...”

आणि मग डोक्यात उजेड पडला. अरे, आपल्याला क्लीनर कुठंय?

शेजारी पाहिलं. पट्टा अडकवलेला, पण सैल. सीट सपाट. मागचं दाखवणाऱ्या पडद्यावर पाहिलं. एक पोरगेला बाप्या, हात हलवतोय. त्याच्या पायाखाली रस्ता नाही. दरी!

ब्रेक दाबला. चाकं थांबली, पण खालचा मुरूम सरकायला लागला. दार ओढलं, उघडेना. पुढं काढायला गेला तर लाल अक्षरं : पुढे माणूस! मागं तोच, पुढं तोच, आणि मध्ये हेडमास्तरानं कोंडून ठेवलेला बजाबा.

“कोण रे तू?”

“क्लीनर, उस्ताद. या वळणावर दगड लावायला उतरलो. माझा उस्ताद गाडी घेऊन गेला. कुणी परत बसवलंच नाही.”

गाडी आणखी सरकली. बजाबाच्या तोंडातून निघालं ते सवयीनं निघालं, “अरे, बघतोस काय? दगड लाव!”

आणि मंडळी, क्लीनर तो क्लीनरच. मेला तरी उस्तादाचा शब्द! चाकामागं दगड बसल्याचा आवाज झाला. खडक! गाडी थांबली. तो मागं वाकलेला, म्हणजे पुढं कुणी नाही. लाल अक्षरं गेली. बजाबानं गाडी जी पुढं उसळवली, ती वळण मारून थेट घाटमाथ्यावर!

मागून हाक आली, “उस्ताद! मी राहिलो!”

बजाबा थांबला नाही. तुम्ही थांबला असता? पण ती हाक सांगताना तो अजून खाली बघतो.

म्हणून सांगतो, त्या घाटानं जाऊ नका. गेलात तर पाठीमागून “येऊ द्या” आलं की आधी शेजारी कोण बसलंय ते बघा.

कंपनीचं उत्तर आलं. गाडीतल्या नोंदीनुसार त्या खेपेला शेजारच्या सीटवर एक इसम पट्टा लावून बसलेला आढळतो. सदर इसमाचं नाव, पत्ता व त्यास विनापरवाना बसवल्याचा खुलासा सादर करावा. खुलासा आल्यावर मागणीचा विचार होईल.

बजाबाला नाव माहीत नाही. अर्ज प्रलंबित आहे.