आबांची मांडी

उंचीची भीती काय असते ते मला विचारा. गेल्या वर्षी मुलीने आम्हाला स्वित्झर्लंडला बोलावलं, मला आणि आबांना. आबा म्हणजे माझे सासरे, कामशेतकडचे शेतकरी. माझी बायको गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र राहतो.

तिथल्या एका मोठ्या स्की रिसॉर्टमध्ये डोंगरावर जायला तारेवरून सरकणारी उघडी बाकं आहेत. मुलगी पुढच्या बाकावर बसली, आम्ही मागच्यावर. बाक जमिनीवरून सुटलं आणि आबांनी घाबरून चक्क मांडी घातली. पडू नये म्हणून डोक्यावरून पुढे ओढून घ्यायचा लोखंडी दांडा त्यांच्या गुडघ्यांना अडून खाली येईना. खाली नुसती बर्फाची दरी.

"आबा, मांडी सोडा. दांडा अडलाय."

"न्हाई. पाय लोंबलं की मानूस खाली वढला जातो."

"अहो, दांडा नसला तर दोघंही पडू!"

"तुमी गप बसा, जावईबापू. बाकडं हलतंय."

तेवढ्यात बाक मधेच थांबलं आणि जोरात झुललं. आबा पुढे कलले. मी त्यांचा कोट मागून मुठीत पकडला.

"मी धरलंय तुम्हाला. पाय सोडा."

"माज्या लेकीलाबी धरलं व्हतं तुमी. ऱ्हायली का ती?"

मी कोट आणखी घट्ट धरला. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग एक पाय खाली सोडला, थोड्या वेळाने दुसरा. मी दांडा ओढून घेतला.

"राग आला?"

"नाही."

"मंग कोट सोडा की. गळा आवळतोय माजा."

वर पोचेपर्यंत मी तो सोडला नाही.